स्कॉटिश चांदीची चहादाणी घेताना

चांदीची जुनी वस्तू हातात आली की आपल्याकडे पहिला प्रश्न वजनाचा येतो. किती भरली, कस किती, आजचा भाव काय. गुणाकार झाला की किंमत ठरली. मोडीत घालायच्या वाट्या-पेल्यांना हा हिशेब ठीक आहे. १७३०-४० च्या सुमारास एडिनबरात घडलेल्या चहादाणीला तोच हिशेब लावला तर विकणारा बुडतो. आणि तशीच दिसणारी, पण मागाहून फेरफार झालेली चहादाणी अस्सलच्या भावाने घेतली तर घेणारा बुडतो. चांगल्या जुन्या स्कॉटिश चांदीत धातूची किंमत हा सगळ्यात लहान वाटा असतो. वस्तू कुणी, कुठे आणि कधी घडवली, आणि तेव्हापासून ती कितपत जशीच्या तशी राहिली, याचा पुरावा तिच्या अंगावर असतो. पैसे त्या पुराव्याचे असतात. तो वाचायचा कसा आणि घरी आणल्यावर आपल्याच हातांनी पुसायचा कसा नाही, हे या लेखात सांगायचं आहे.

एडिनबरा, ग्लासगो, ॲबरडीन या शहरांत आता मराठी घरं बरीच आहेत, आणि तिथल्या लिलावांत, जुन्या वस्तूंच्या जत्रांत असली भांडी नियमित येतात. मुंबईतही जुन्या घरांतलं सामान विकायला निघतं तेव्हा इंग्रजी चांदीच्या गर्दीत एखादा स्कॉटिश नग सापडतो. कंपनी सरकारच्या काळापासून मुंबईत स्कॉटिश व्यापारी, डॉक्टर आणि मिशनरी होते, त्यामुळे यात नवल नाही. विकणाऱ्याला पुष्कळदा तो इंग्रजीच वाटतो.

चहा महाग होता तेव्हा

भांड्याचा आकार कळायला आधी चहाची किंमत कळावी लागते. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात ब्रिटनमध्ये चहावर जबर कर होता. स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर स्वीडनच्या योटेबोरी बंदरातून चोरटा चहा उतरत असे. १७३१ साली स्थापन झालेल्या स्वीडिश ईस्ट इंडिया कंपनीत कॉलिन कॅम्पबेलसारखे स्कॉटिश व्यापारीच पुढे होते. हे प्रमाण इतकं वाढलं की कलोडनचे डंकन फोर्ब्ज, म्हणजे स्कॉटलंडच्या सर्वोच्च न्यायालयाचे प्रमुख, १७४० च्या दशकात चहाविरुद्ध लेखणी घेऊन उतरले. लोक बिअर सोडून चहा पिऊ लागले तर धान्याला गिऱ्हाईक कुठलं आणि सरकारला कर कुठला, ही त्यांची चिंता होती.

असा महागाचा चहा ज्या घरात येई तिथे तो नोकरांच्या हाती दिला जात नसे. घरची बाई स्वतः पाहुण्यांसमोर तो करी, आणि त्यासाठीची चहादाणी लहान असे. त्या काळातली खास स्कॉटिश चहादाणी म्हणजे ज्याला व्यापारी ‘बुलेट’ म्हणतात तो प्रकार: बंदुकीच्या गोळीसारखा गोल. हा प्रकार इंग्लंडातही होता, पण तिथे भांड्याचं अंग खाली किंचित निमुळतं होतं आणि ते बुटक्या कड्यावर बसतं. स्कॉटिश कारागिरांनी तो पुरता गोल केला आणि स्पष्ट उठून दिसणाऱ्या, खाली पसरत गेलेल्या बैठकीवर उचलून धरला. हा फरक एकदा डोळ्यांत बसला की दहा पावलांवरून ओळखता येतो.

एक चांगली बुलेट चहादाणी जवळून पाहू. उंची पाच-सहा इंच, वजन साधारण १५ ते २२ ट्रॉय औंस. ट्रॉय औंस म्हणजे ३१.१ ग्रॅम, म्हणजे २० औंसांची चहादाणी आपल्या मापात ५३ तोळ्यांच्या आसपास जाते. झाकण वेगळं टोपीसारखं ठेवलेलं नसतं. ते त्या गोलाचाच वरचा काप असतं, आणि मिटलं की सांध्याची रेघ शोधावी लागते. बिजागरीही अंगाबरोबर सपाट बसवलेली असते. झाकणाभोवती खांद्यावर एक पट्टा फिरतो. त्यात वेलबुट्टी, शिंपले, कधी मानवी चेहरे असं नाजूक काम असतं. ते आतून ठोकून फुगवलेलं नसतं, वरून दाबून उमटवलेलं असतं, म्हणून बोट फिरवलं तर जेमतेम जाणवतं. पट्ट्याखाली अंग कोरं. तोटी सुरुवातीच्या नगांत सरळ निमुळती, पुढे बाकदार. मूठ लाकडाची, किंवा चांदीची असेल तर हात भाजू नये म्हणून मध्ये दोन ठिकाणी हस्तिदंताचे तुकडे बसवलेले. ते कोरं अंग हेच या चहादाणीचं खरं सौंदर्य आहे, असं मला ठामपणे वाटतं. एवढा मोठा गोल पत्रा एकसारखा ठोकून गुळगुळीत करणं आणि मग त्यावर काहीही न काढता तो सोडून देणं, याला हातावर विश्वास लागतो.

या प्रकारात जेम्स केर हे नाव सगळ्यांत आधी घेतलं जातं. एडिनबराच्या सुवर्णकारांमध्ये तो अग्रणी होता आणि १७४७ ते १७५४ या काळात शहराचा खासदारही होता. लीथच्या घोड्यांच्या शर्यतीत राजाच्या नावाने देण्याच्या बक्षिसासाठी त्याने १७३० च्या दशकात चक्क सोन्याची बुलेट चहादाणी घडवली. एडिनबराचाच विल्यम एटन आणि ॲबरडीनचा कोलीन ॲलन यांची कामंही शोधून पाहावीत अशी.

१७६० च्या आसपास आकार उलट्या नाशपातीसारखा झाला, वरचा भाग फुगीर आणि त्यावर फुलापानांचं उठावदार काम. मग १७८४ साली सरकारने चहावरचा सरासरी ११९ टक्क्यांचा कर साडेबारा टक्क्यांवर आणला. चहा मध्यमवर्गाच्या आवाक्यात आला आणि चहादाणी वाढली: लंबगोल, सरळ भिंतीची, सपाट बुडाची. सपाट बूड मेजाचं पॉलिश जाळतं, म्हणून तिच्याबरोबर तिच्याच आकाराचं छोटं चार पायांचं तबक आलं. चहादाणी, साखरेचं भांडं आणि दुधाचा जग असा एकाच घाटाचा संच ही चाल याच सुमारास रुजली. त्याआधी लोक एकेक नग सवडीने घेत. म्हणून १७४० सालचा जुळता तीन नगांचा संच कुणी दाखवला तर आधी शंका घ्या. नग वेगवेगळे अस्सल असतील, पण संच बहुधा नंतर जमवलेला असतो, आणि त्याला संचाचा भाव देऊ नये. व्हिक्टोरिया राणीच्या काळातले मोठे चार-चार नगांचे संच आजही पुष्कळ मिळतात. त्यांतल्या साध्या कामाच्या संचांना मात्र बाजारात धातूच्या भावापेक्षा फार वर किंमत येत नाही. वापरायला म्हणून घ्यायचे असतील तर उत्तम, पण जपणूक म्हणून घेत असाल तर ते पैसे एखाद्या लहान, जुन्या नगात घाला.

उलटं करून पाहा

शिक्के चहादाणीच्या बुडाशी असतात. दहापट मोठं दाखवणारं भिंग खिशात ठेवा. ते नसेल तर काही घेऊ नका.

स्कॉटलंडमध्ये चांदीच्या कसावर कायद्याचं नियंत्रण १४५७ पासून आहे. एडिनबराचा शिक्का म्हणजे तीन बुरुजांचा किल्ला. १६८१ पासून त्याच्या सोबतीला दरवर्षी बदलणारं अक्षर आलं. तेव्हापासून एडिनबराच्या नगाचं साल सांगता येतं. आणखी दोन शिक्के असतात. एक कारागिराच्या आद्याक्षरांचा. दुसरा कस तपासणाऱ्या अधिकाऱ्याचा, म्हणजे त्याचीही आद्याक्षरं; उदाहरणार्थ १७४४ ते १७५९ या काळात ह्यू गॉर्डन याची ‘एच-जी’. नवखा माणूस इथेच गोंधळतो, कारण एकाच नगावर दोन माणसांची आद्याक्षरं दिसतात आणि तो अधिकाऱ्यालाच कारागीर समजतो. १७५९ पासून अधिकाऱ्याच्या अक्षरांची जागा काटेरी थिसल फुलाने घेतली आणि हा घोळ मिटला. आणखी एक लक्षात ठेवा: त्या काळी शिक्क्यांत ‘जे’ ऐवजी ‘आय’ कोरत. जेम्स केरचा शिक्का ‘आय-के’ असा असतो.

१७८४ साली चहावरचा कर उतरला आणि त्याच वर्षी चांदीवर औंसामागे सहा पेन्स कर बसला. कर भरल्याची खूण म्हणून राजाच्या मस्तकाचा शिक्का आला, आणि तो १८९० पर्यंत राहिला. तपासणीत या एका शिक्क्याचा फार उपयोग होतो. समजा, भिंगाखाली किल्ला, थिसल आणि कॅपिटल ‘ए’ दिसतो आहे. अक्षरांची माळ संपली की पुन्हा पहिल्यापासून सुरू होते, त्यामुळे ‘ए’ अनेकदा येतो. १७८० मध्ये आहे, १८५७ मध्ये आहे, १९०६ मध्येही आहे. आता मस्तक शोधा. व्हिक्टोरिया राणीचं मस्तक असेल तर १८५७. मस्तक नसेल तर १७८० किंवा १९०६. मग अक्षराभोवतीच्या ढालीचा आकार कोष्टकाशी ताडून पाहा, आणि भांड्याचा घाट पाहा. सव्वाशे वर्षांचं अंतर घाटात लपत नाही. कोष्टकांसाठी चार्ल्स जॅक्सन यांचं शिक्क्यांवरचं पुस्तक, त्यातही इयन पिकफर्ड यांनी सुधारलेली १९८९ ची आवृत्ती, विश्वासाची. वर्षअक्षर शरद ऋतूत बदलत असे, म्हणून जाणकार ‘१७३५-३६’ असं जोडसाल लिहितात. विक्रेत्याने तसं लिहिलं असेल तर तो अंदाजाने बोलत नाही, हे समजा.

किल्ल्याबरोबर थिसलऐवजी मागच्या पायांवर उभा असलेला सिंह दिसला तर तो नग १९७५ नंतरचा. एडिनबराने त्या वर्षी थिसल सोडून सिंह घेतला. जुन्या घाटाची नवी चहादाणी ‘अँटिक’ म्हणून पुढे केली जाते तेव्हा हा सिंहच सांगून टाकतो.

ग्लासगोचा शिक्का ओळखायला सोपा: झाड, पक्षी, घंटा आणि तोंडात अंगठी धरलेला मासा. शहराचे संत मंगो यांच्या कथेतल्या या खुणा आहेत. ग्लासगोत कस तपासणीचं स्वतंत्र कार्यालय १८१९ मध्ये निघालं आणि १९६४ मध्ये बंद झालं. तिथे सिंह पहिल्यापासून होता आणि थिसल १९१४ मध्ये त्याच्या जोडीला आलं, म्हणजे एडिनबराच्या नेमकं उलट. १८१९ पूर्वी ग्लासगोचे नामांकित कारागीर आपलं काम एडिनबराला पाठवून शिक्का मारून घेत. रॉबर्ट ग्रे अँड सन हे त्यांतलं फार वरचं नाव. त्यांच्या चहादाण्यांवर एडिनबराचा किल्ला असतो. म्हणून किल्ला पाहून कारागीर एडिनबराचाच असं धरू नका, आद्याक्षरं वाचा.

लहान गावांचे शिक्के

स्कॉटिश चांदीत सगळ्यांत चुरस असते ती लहान गावांच्या कामासाठी. १८३६ च्या कायद्याने तपासणी एडिनबरा आणि ग्लासगोकडे आणेपर्यंत गावोगावचे कारागीर आपापला शिक्का मारत. दूरच्या इन्व्हर्नेसहून एडिनबराला चांदी पाठवायची म्हणजे डोंगर, वाईट रस्ते आणि चोर. त्यापेक्षा गावातल्या गिऱ्हाइकाचा विश्वास पुरे होता. डंडीचा शिक्का कुंडीतली लिली, माँट्रोजचा गुलाब, पर्थचा आधी निशाण धरलेलं कोकरू आणि नंतर दोन डोक्यांचा गरुड, ग्रीनॉकचा नांगर, इन्व्हर्नेसचा उंट किंवा ‘आय-एन-एस’, एल्गिनचा ‘ई-एल-जी’. एडिनबराच्या वेशीवरच्या कॅननगेटचा सांबराचं डोकं. यावर वर्षअक्षर क्वचित असतं. कारागीर पुष्कळदा आपलाच शिक्का दोन-तीनदा मारतो. त्यामुळे पुरे शिक्के नाहीत म्हणून नग खोटा ठरवू नका.

पण किंमत जिथे जास्त तिथे लबाडीही जास्त. एल्गिन किंवा टेनच्या साध्या चमच्याला एडिनबराच्या तशाच चमच्याच्या कितीतरी पट किंमत येते, म्हणून खोटे शिक्के मारण्याचा मोह याच गावांच्या नावावर होतो. शिक्क्याची खोली पाहा. खरा शिक्का नगाबरोबर झिजलेला असतो. दांडा गुळगुळीत झिजलेला आणि शिक्क्याच्या कडा मात्र करकरीत असतील तर नग परत ठेवा.

भारतातल्या वाचकांनी इथे जास्त सावध राहावं. कलकत्ता, मद्रास आणि मुंबईत युरोपीय सुवर्णकारांच्या पेढ्या होत्या. कलकत्त्याची हॅमिल्टन अँड कंपनी त्यांत सर्वांत प्रसिद्ध. यांतले अनेक कारागीर स्कॉटिश होते आणि ब्रिटिश धाटणीच्या खुणा वापरत. त्यामुळे भारतात घडलेला चमचा किंवा साखरेचं भांडं स्कॉटलंडमधल्या लहान गावाचं समजलं जाण्याचे प्रकार झाले आहेत. हे कळलं तर निराश होण्याचं कारण नाही. भारतात घडलेल्या युरोपीय धाटणीच्या चांदीचा आता स्वतंत्र अभ्यास होतो आणि तिला स्वतःचे संग्राहक आहेत. मला तर तिचा इतिहास जास्त जवळचा वाटतो, कारण त्या दुकानांच्या मागच्या खोलीत हातोडी धरणारे हात बहुतेक आपल्याच लोकांचे होते.

श्वास सोडून पाहा

शिक्के खरे असले म्हणजे भांडं खरं असं नाही. एखाद्या मोडक्या लहान नगाचे खरे शिक्के कापून नव्या भांड्याच्या बुडात बसवण्याची लबाडी जुनी आहे. तपासण्याची युक्ती साधी आहे. बुडावर तोंडाने गरम श्वास सोडा. वाफ धरते आणि उडते, त्या क्षणभरात सांध्याची रेघ वेगळ्या छटेने उमटते. शिक्क्यांभोवती चौकोन किंवा गोल दिसला तर व्यवहार तिथेच संपला. हाच श्वास तोटीच्या मुळाशी, मुठीच्या जोडाशी आणि बिजागरीवर सोडा. शिशाने केलेली दुरुस्ती करडी, मेणचट दिसते. चांदीने नीट केलेली जुनी दुरुस्ती चालते, तिची किंमत थोडी कमी करून घ्या. शिशाची दुरुस्ती शक्यतो टाळा, कारण ती काढायला गेलं की शिसं चांदीत खोल शिरतं आणि पत्रा खातं.

मग अंगठ्याने अंग हळूच दाबून पाहा, विशेषतः जिथे घराण्याचं चिन्ह कोरलेलं आहे किंवा असायला हवं होतं तिथे. नवा मालक जुन्याचं चिन्ह घासून काढी आणि आपलं कोरवून घेई. घासलं की पत्रा पातळ होतो आणि बोटाखाली लवतो. अठराव्या शतकाच्या महिरपीत एकोणिसाव्या शतकाच्या वळणाची अक्षरं दिसली तर असंच घडलेलं असतं. मूळ चिन्ह शाबूत असेल तर त्यावरून घराणं आणि कधीकधी नेमकं लग्नही शोधता येतं. बुडाशी सुईने खरवडलेले आकडेही वाचा, ते बहुधा त्या वेळचं वजन असतं. आजचं वजन त्याहून बरंच कमी भरलं तर काहीतरी काढलं गेलंय, किंवा दोन-अडीच शतकांच्या घासण्यात गेलंय.

आणखी एक मोठा धोका आहे तो व्हिक्टोरियन हौशेचा. एकोणिसाव्या शतकात लोकांना साधी जुनी भांडी रुक्ष वाटू लागली आणि त्यांनी ती कारागिराकडे देऊन अंगभर फुलं काढून घेतली. बुलेट चहादाणीवर खांद्याच्या पट्ट्याखाली, पोटावर उठावदार गुलाब आणि वळसे दिसले तर ते जवळजवळ नक्कीच मागाहून केलेलं काम. असल्या नगाची किंमत कोऱ्या नगाच्या जवळपासही जात नाही, आणि ते काम पुसून पूर्वीसारखं करणंही शक्य नसतं.

रंगही पाहा. जुन्या चांदीत कुठेकुठे जांभळट करडी छटा असते. घडवताना भांडं तापवलं की चांदीतलं तांबं पृष्ठभागाखाली जळतं, त्याची ती खूण. ती दोष समजू नका. सगळीकडे एकसारखी पांढरीशुभ्र दिसणारी जुनी चहादाणी मात्र संशयास्पद. दुरुस्ती लपवायला तिच्यावर चांदीचं नवं पाणी चढवलेलं असू शकतं.

गिलिटाचं थोडक्यात. ‘ई-पी-एन-एस’ म्हणजे जर्मन सिल्व्हरवर विजेच्या साहाय्याने चढवलेली चांदी. हा प्रकार एल्किंग्टन यांच्या १८४० च्या पेटंटनंतर पसरला. त्यावरही किल्ल्या-मुकुटासारखे भपकेदार शिक्के मारत, पण त्यांत थिसल, वर्षअक्षर आणि किल्ला असा नेमका मेळ नसतो. एडिनबराची हॅमिल्टन अँड इंचेस ही १८६६ पासूनची पेढी असो किंवा दुसरी कुठली, दुकानाचं नाव बुडाशी आहे म्हणून चांदी खरी असं समजू नका. नावाबरोबर शिक्के हवेत.

हस्तिदंताचा प्रश्न

मुठीतले ते दोन पांढरे तुकडे लहान असले तरी कायद्याने महत्त्वाचे आहेत. ब्रिटनमध्ये २०१८ चा हस्तिदंत कायदा जून २०२२ पासून लागू आहे. १९४७ पूर्वीच्या आणि दहा टक्क्यांहून कमी हस्तिदंत असलेल्या वस्तूला सूट मिळते, पण विक्रीआधी तिची नोंदणी व्हावी लागते. विकत घेताना नोंदणीचा पुरावा मागून घ्या. भारतात वन्यजीव संरक्षण कायद्याने हस्तिदंताचा व्यापार बंद आहे. म्हणून हस्तिदंत असलेली चहादाणी भारतात आणण्याचा बेत करू नका. लाकडी मुठीची निवडा. आणि उलट दिशेने, म्हणजे भारतातून शंभर वर्षांहून जुना नग बाहेर न्यायचा असेल तर आधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे विचारणा करा. भेट म्हणून लेकीला लंडनला पाठवतोय, हे कारण विमानतळावर चालत नाही.

घरी आणल्यावर

आता जे सांगणार आहे ते सगळ्यांत कळकळीने. दिवाळीच्या आधी देवाची भांडी जशी आपण चिंच, रांगोळी, राख लावून लख्ख करतो, तसं या भांड्याला कधीही करू नका. रांगोळी म्हणजे दगडाची भुकटी. एका हाताने ती शिक्क्यावर फिरवली की काही वर्षांत शिक्का गेला. टूथपेस्टही तीच गत करते. सराफाकडे ‘जरा उजळून द्या’ म्हणून दिलं तर तो मोटरच्या चाकावर धरतो, आणि खांद्यावरची ती नाजूक वेलबुट्टी, जी बोटाला जेमतेम लागत होती, ती पाच मिनिटांत सपाट होते. ॲल्युमिनियमचा कागद आणि सोडा यांचा उपाय घराघरांत सांगितला जातो. त्याने कोरीव कामाच्या खाचांतली काळी छटाही निघून जाते आणि नक्षी फिकी पडते. ती छटा राहू द्या.

नेहमीसाठी कोमट पाणी, भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब, मऊ सुती फडकं, आणि लगेच कोरडं पुसणं. मूठ आणि हस्तिदंत भिजू देऊ नका. वर्षातून एखाद्या वेळी चांदीसाठीचं सौम्य मलम किंवा तयार फडकं, आणि तेही शिक्क्यांवरून हलकं. साखरेच्या भांड्यात आणि दुधाच्या जगात आतून सोन्याचा मुलामा असेल तर तिथे फक्त पाणी. चहादाणी वापरा, नक्की वापरा, पण चहा तासन्‌तास आत ठेवू नका. आतला चहाचा काळपट थर गरम पाण्यात खाण्याचा सोडा घालून सुटतो. ठेवताना झाकण किंचित उघडं ठेवा, नाहीतर आत कुबट वास धरतो.

मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात चांदी लवकर काळी पडते. रबर बँड, लोकरी कापड आणि वर्तमानपत्र यांतल्या गंधकामुळे ती आणखी काळवंडते. मऊ, धुतलेल्या सुती कापडात गुंडाळून बंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा. लाकडी कपाटात नवं पॉलिश असेल तर सहा महिने त्यात चांदी नको.

प्रत्येक नगाची वही ठेवा: तोळ्यात आणि औंसात वजन, शिक्क्यांचा जवळून काढलेला फोटो, कुठून घेतला, काय पावती. विम्यालाही हीच वही लागते, आणि पुढच्या पिढीला ही वस्तू मोडीत घालायची नाही हे तिच्यातूनच कळतं.

एडिनबराला गेलात तर विकत घेण्याआधी पाहून घ्या. चेंबर्स स्ट्रीटवरचं राष्ट्रीय संग्रहालय आणि कॅननगेटवरचं एडिनबराचं शहर संग्रहालय, दोन्ही ठिकाणी जुनी स्कॉटिश चांदी काचेमागे आहे. उत्तरेला जाणं झालं तर इन्व्हर्नेसच्या संग्रहालयात हायलँडमधली कामं बघा. त्यानंतर लिलावाच्या आधीच्या प्रदर्शनाला जा, कारण तिथे नग हातात घेऊ देतात. वर सांगितलेला श्वास, अंगठा, भिंग, सगळं तिथे मोकळेपणाने करा. कर्मचाऱ्यांना त्याची सवय असते.

आणि सुरुवात चहादाणीने करू नका. चहाचे चमचे घ्या. १७८५ ते १८२० मधले एडिनबराचे सहा चमचे परवडणाऱ्या किमतीत मिळतात आणि त्यांवर किल्ला, थिसल, अक्षर, मस्तक यांची सगळी उजळणी होते. सर्वांत जुन्या चमच्यांत शिक्के दांड्यावर खाली, वाटीच्या जवळ असतात आणि दांडा अरुंद असल्याने चेपलेले असतात. पुढे ते वर सरकले. वाटीचं टोक नीट पाहा. उजव्या हाताने ढवळून ढवळून ते एका बाजूला झिजतं. टोक पुन्हा कापून गोल केलं असेल तर वाटी आखूड आणि बोथट दिसते. सहाही चमच्यांवर एकच अक्षर, एकच कारागीर आणि एकच कोरलेलं चिन्ह असेल तर तो खरा संच. असे दोन-तीन संच डोळ्यांखालून गेले की मग बुलेट चहादाणीसमोर उभे राहा, आणि तेव्हाही भिंग काढायच्या आधी ती उलटी करून हातात तोलून पाहा.